‘ब’ संघ कशासाठी असतो?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात निकाल येतात. त्यात काही संघांच्या नावांमागे एकेक अक्षर लावलेलं असतं. पाटाकडील ‘अ’, दिलबहार ‘अ’, प्रॅक्टिस ‘ब’. ‘अ’ संघाचा सामना असेल तर अख्खी पेठ स्टेडियमवर लोटते. दुपारी कामावरून लवकर सुटण्याची कारणं शोधली जातात. ‘ब’ संघाच्या सामन्याला खेळणाऱ्या पोरांचे दोस्त, एखाद-दुसरा काका आणि पुढच्या सामन्यासाठी जागा धरायला लवकर आलेली माणसं, एवढाच प्रेक्षक. निकालाची ओळही पेपरात तळाशी असते.

फुटबॉलचा खेळाडू कसा घडतो हे समजून घ्यायचं तर त्या तळाच्या ओळीकडे जरा जास्त वेळ पाहावं लागतं. निपाणी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यात तर हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. इथे शाळेतला फुटबॉल चांगला आहे. जवळच कोल्हापूर आणि गडहिंग्लजसारखी फुटबॉलवेडी गावं आहेत, पश्चिमेला चोर्ला घाट उतरला की गोवा. तरीही इथला अठरा वर्षांचा चांगला खेळाडू एकविसाव्या वर्षी कुठे असतो, याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नोकरी शोधतोय’ असंच मिळतं.

राखीव संघ, दुसरा संघ, ‘ब’ संघ, रिझर्व्ह टीम, डेव्हलपमेंट टीम, नाव काहीही द्या. एका क्लबचा मुख्य संघ असतो आणि त्याच्या खाली त्याच क्लबचा आणखी एक संघ असतो. तो वेगळे सामने खेळतो आणि त्यात तीन प्रकारची माणसं असतात. पहिली, सतरा ते एकवीस वर्षांची, अजून मोठ्या संघात न बसणारी पोरं. दुसरी, दुखापतीतून उठलेले खेळाडू, ज्यांना एकदम मोठ्या सामन्यात ढकलणं धोक्याचं असतं. तिसरी, मोठ्या संघात नाव असूनही बाकावरच बसणारी मंडळी. शेवटच्या दोघांसाठी हा संघ सोयीचा आहे. पहिल्यांसाठी मात्र तो नसेल तर काहीच नाही.

सतराव्या-अठराव्या वर्षी मुलगा वयोगटाच्या स्पर्धांमधून बाहेर पडतो. तोपर्यंत त्याच्यासमोर त्याच्याच वयाची मुलं असतात. वेगाच्या किंवा उंचीच्या जोरावर गोल होतात, शाळेचं नाव पेपरात येतं. पुढच्या वर्षी अचानक समोर अठ्ठावीस वर्षांचा सेंटर हाफ उभा राहतो. त्याने दहा हंगाम काढलेले असतात. कोपर कुठे लावायचं, रेफरीची पाठ कधी वळते, पोरगा डावा की उजवा, हे त्याला पाच मिनिटांत कळतं. या माणसाशी खेळायला शिकण्याचा मार्ग एकच, त्याच्याशी पुन्हा पुन्हा खेळणं. मुख्य संघाचा प्रशिक्षक ही शिकवणी स्वतःच्या सामन्यात देऊ शकत नाही. त्याला शनिवारी जिंकायचं असतं, आणि हरला तर पेठेतून घरी चालत जायचं असतं.

तालमीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. रोज सकाळी वस्तादासमोर जोर करणारा पोरगा आणि जत्रेच्या फडात इनामाच्या कुस्तीला उतरणारा पोरगा एकच असला तरी दोन्ही गोष्टी वेगळ्या असतात. मोठ्या मल्लाबरोबर वर्षभर जोर केला म्हणून कुणी पैलवान होत नाही. त्याला आधी पाच-पन्नास रुपयांच्या, मग शंभराच्या, मग हजाराच्या कुस्त्या लढाव्या लागतात. कोल्हापूरच्या अनेक फुटबॉल संघांच्या नावात आजही ‘तालीम’ आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. कुस्तीतली ही चढण त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. फुटबॉलमध्ये मात्र ती नेहमी बांधली गेली असं नाही.

साधा हिशोब करून बघा. समजा सोळा संघांची एकेरी साखळी आहे. प्रत्येक संघाचे १५ सामने, प्रत्येकी ९० मिनिटं, म्हणजे १,३५० मिनिटांचा फुटबॉल. मोठ्या संघातला विसावा खेळाडू असलेल्या पोराला त्यातल्या चार-पाच सामन्यांत शेवटची दहा-दहा मिनिटं मिळाली, तर हंगामाला फार तर ५० मिनिटं होतात. तोच पोरगा ‘ब’ संघाकडून खालच्या गटात बारा सामने पूर्ण खेळला तर १,०८० मिनिटं. सराव दोघांचाही सारखाच झाला असेल, पण दोन वर्षांनी दोघांना शेजारी उभं केलं तर फरक डोळ्यांना दिसतो. गोलकीपरच्या बाबतीत तर हा हिशोब फारच क्रूर आहे. बाहेरच्या खेळाडूला बदली म्हणून दहा मिनिटं तरी मिळतात. दुसऱ्या गोलकीपरला पहिल्याचं बोट मोडेपर्यंत काहीच मिळत नाही. आणि मग ज्या दिवशी ते मोडतं, त्या दिवशी त्यालाच उपांत्य सामन्यात थेट उभं केलं जातं आणि त्याची चूक झाली की पेठ वर्षभर विसरत नाही.

इंग्लंडने ही गरज लवकर ओळखली. उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांच्या दुसऱ्या संघांसाठी १९११ मध्ये सेंट्रल लीग सुरू झाली. लंडनच्या बाजूला १९१५ मध्ये सुरू झालेली स्पर्धा पुढे फुटबॉल कॉम्बिनेशन म्हणून ओळखली गेली. तिथली पद्धत अशी, की राखीव संघ राखीव संघाशीच खेळणार. शिस्तशीर आणि सुरक्षित, पण त्यात एक उणीव राहिली. दोन्ही बाजूंना तशीच पोरं आणि तसेच बाकावरचे खेळाडू. निकालाने कुणाचं काही बिघडत नाही, तेव्हा सामना सरावाच्या अंगाने जातो. २०१२ मध्ये इंग्लंडने ही व्यवस्था मोडून वयोगटाची लीग आणली, पण बंद खोलीत खेळण्याची उणीव तशीच राहिली.

स्पेनने उलटं केलं. तिथे क्लबचा दुसरा संघ सर्वसाधारण लीगच्या शिडीवरच चढतो-उतरतो. समोर छोट्या गावाचे खरे क्लब असतात. त्यांचे खेळाडू नोकरी सांभाळून खेळतात, त्यांच्या गावाची इभ्रत पणाला लागलेली असते, आणि मोठ्या क्लबच्या पोरांना लोळवण्यात त्यांना विशेष आनंद असतो. नियम मुख्यतः एकच: दुसरा संघ मुख्य संघाच्या गटात कधीच येऊ शकत नाही. मुख्य संघ घसरून त्याच्या गटात आला तर दुसऱ्याला एक पायरी खाली जावं लागतं.

या पद्धतीने स्पेनमध्ये काही विलक्षण प्रसंग घडले. १९८० मध्ये रेआल माद्रिदचा दुसरा संघ, कास्तिया, देशाच्या करंडक स्पर्धेत पहिल्या श्रेणीतले संघ हरवत हरवत अंतिम सामन्यात पोचला. समोर कोण, तर रेआल माद्रिदच. मोठ्यांनी धाकट्यांना ६-१ ने हरवलं. पण माद्रिदने लीगही जिंकली असल्याने करंडकविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेची जागा उपविजेत्याला, म्हणजे राखीव संघाला मिळाली. पुढच्या हंगामात कास्तियाने वेस्ट हॅमला आपल्या घरी ३-१ ने हरवलं आणि लंडनमध्ये जादा वेळेत मार खाल्ला. काही वर्षांनी याच संघातून बुत्रागेन्यो, मिचेल, सांचीस यांची पिढी वर आली. १९९० नंतर स्पेनने दुसऱ्या संघांना करंडक स्पर्धेतून बाहेर काढलं. आपल्याच घरचे दोन संघ अंतिम सामन्यात, हा प्रकार त्यानंतर शक्यच उरला नाही.

मला मात्र बार्सिलोनाचं २००७-०८ चं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. त्या वर्षी बार्सिलोना ‘ब’ घसरून चौथ्या पायरीवर गेला होता. क्लबने ‘क’ संघ बंद केला, दोन्हीकडची पोरं एकत्र केली आणि नव्या प्रशिक्षकाच्या हवाली केली. हा प्रशिक्षक म्हणजे पेप ग्वार्दिओला; मोठ्या संघाला शिकवण्याचा त्याला काडीचाही अनुभव नव्हता. चौथ्या पायरीवरची मैदानं लहान, काही ठिकाणी कृत्रिम गवताची, प्रेक्षक अगदी रेषेला चिकटलेले. त्या वर्षी संघ चढला. त्यात सेर्हिओ बुस्केट्स आणि पेद्रो होते. पुढच्या वर्षी ग्वार्दिओला मुख्य संघाचा प्रशिक्षक झाला आणि या दोघांनाही वर घेऊन गेला. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोघंही स्पेनकडून पहिल्या अकरात होते. चौथ्या श्रेणीतून विश्वविजेतेपदापर्यंत, दोन वर्षांत. इतक्या लवकर वर जाता आलं याचं एक कारण असं, की मुख्य संघ जसा खेळायचा तसाच दुसरा संघ खेळायचा. वर गेल्यावर पोरांना नवी भाषा शिकायची नव्हती.

जर्मनीतही हेच. थॉमस म्युलर २००८-०९ मध्ये बायर्नच्या दुसऱ्या संघाकडून तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. २०१० च्या विश्वचषकात पाच गोल करून त्याने सोन्याचा बूट नेला.

या पद्धतीला एक छप्पर असतं, आणि ते मजेशीर रीतीने दिसतं. २०१७-१८ मध्ये आयाक्सच्या पोरांच्या संघाने नेदरलँड्सची दुसरी श्रेणी जिंकली, पण वर जाण्याचा हक्क त्यांना नव्हता. दुसऱ्या क्रमांकाचा फोर्तुना सिटार्ड वर गेला. २०१९-२० मध्ये बायर्नच्या दुसऱ्या संघाने जर्मनीची तिसरी श्रेणी जिंकली आणि पुढच्याच हंगामात तो खाली घसरला. चॅम्पियन संघ वर्षभरात रसातळाला गेला म्हणून कुणी राजीनामा मागितला नाही. चांगली पोरं वर गेली किंवा विकली गेली, म्हणजे संघाचं काम झालं होतं. राखीव संघ गुणतक्त्यावर मोजायचा नसतो, हे पचवायला क्लबच्या पदाधिकाऱ्यांना सगळ्यात जड जातं.

लहान क्लबांची बाजूही ऐकायला हवी. त्यांच्या दृष्टीने मोठ्या क्लबचा दुसरा संघ म्हणजे फुकट बसलेला पाहुणा. त्याच्यामागे प्रेक्षक येत नाहीत, तिकिटं खपत नाहीत, आणि एका गावाच्या क्लबची जागा अडते. शिवाय मुख्य संघाचा सामना नसेल त्या आठवड्यात वरचे चार खेळाडू खाली उतरवून कुणाचं तरी गणित बिघडवलं जातं. म्हणून जर्मनीत तेविसाहून मोठे खेळाडू किती उतरवायचे यावर बंधन आहे. इंग्लंडमध्ये २०१४ साली फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष ग्रेग डाइक यांच्या समितीने मोठ्या क्लबांच्या ‘ब’ संघांना शिडीवर घेण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा खालच्या श्रेणीतल्या क्लबांनी आणि त्यांच्या समर्थकांनी तो हाणून पाडला. २०१६ पासून खालच्या क्लबांच्या एका करंडक स्पर्धेत अकादमीचे संघ घुसवले, तर प्रेक्षकांनी त्या स्पर्धेवरच बहिष्कार टाकला. मला त्यांचा राग समजतो. पण त्याच २०१६ मध्ये दुसऱ्या श्रेणीतल्या ब्रेंटफर्डने आपली अकादमी बंद करून फक्त एक ‘ब’ संघ ठेवला. लंडनच्या मोठ्या क्लबांनी सोडून दिलेली सतरा ते वीस वर्षांची पोरं त्यांनी उचलली आणि त्यांना देशात-परदेशात सामने खेळवले. क्रिस मेफम हा बचावपटू त्या संघातून वर आला आणि २०१९ मध्ये सुमारे १.२ कोटी पौंडांना विकला गेला. २०२१ मध्ये ब्रेंटफर्ड प्रीमियर लीगमध्ये पोचला. छोट्या क्लबनेही दुसरा संघ ठेवावा की नाही, या वादाचं एवढं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं.

आता आपल्याकडे येऊ. भारतात राष्ट्रीय पातळीच्या लीगमध्ये क्लबांच्या राखीव संघांना जागा मिळाली ती २०१७-१८ च्या हंगामात. इंडियन सुपर लीगमधल्या क्लबांचे दुसरे संघ त्या वर्षी आय-लीगच्या द्वितीय श्रेणीत घेतले गेले, मात्र वर चढण्याचा हक्क न देता. गोव्यात एफसी गोवाचा डेव्हलपमेंट संघ गोवा प्रोफेशनल लीगमध्ये उतरला आणि २०१८-१९ मध्ये ती जिंकला. समोर धेंपो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर, स्पोर्टिंग अशी जुनी घराणी होती. त्या पोरांमध्ये सेवियर गामा हा डाव्या बाजूचा बचावपटू होता. एफसी गोवा २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला, तेव्हा गामा त्या संघात होता. स्पेनचा मार्ग आपल्या मातीत चालतो, एवढं सिद्ध करायला हे पुरेसं आहे. कोलकात्यात ईस्ट बंगालने अलीकडे कलकत्ता लीगमध्ये मुख्यतः राखीव फळी उतरवायला सुरुवात केली आणि तिथून पी. व्ही. विष्णू हा तरुण मुख्य संघात गेला. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत गोव्यातच रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग सुरू झाली. बेंगळुरू एफसीच्या पोरांनी पहिली स्पर्धा जिंकली. तिच्यात समोर सगळी त्याच वयाची मुलं, म्हणजे इंग्लंडची पद्धत. काहीच नसण्यापेक्षा बरी; पण धेंपोच्या तिशीतल्या स्टॉपरशी पडणारी गाठ तिच्यात नाही.

या सगळ्यात आपल्या भागातला सगळ्यात स्पष्ट नमुना म्हणजे कोल्हापूरचा अनिकेत जाधव. लहानपणीच तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथून देशाच्या सतरा वर्षांखालील संघात आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या त्या वयोगटाच्या विश्वचषकात खेळला. अमेरिका, कोलंबिया, घाना, तिन्ही सामने भारत हरला. एरवी अशा संघाची पोरं पांगतात. दोघा-तिघांना मोठे क्लब घेतात आणि बाकावर बसवतात. भारतीय फुटबॉल महासंघाने त्या वर्षी हे होऊ दिलं नाही. ‘इंडियन अ‍ॅरोज’ नावाचा संघ पुन्हा उभा केला आणि ही पोरं आय-लीगमध्ये, पुरुषांच्या संघांविरुद्ध, आठवड्यामागून आठवडे खेळवली. हा कुठल्या क्लबचा दुसरा संघ नव्हता. एक प्रकारे देशाचाच ‘ब’ संघ होता. २९ नोव्हेंबर २०१७ ला बांबोळीच्या मैदानावर त्यांनी चेन्नई सिटीला ३-० ने हरवलं, त्यातले दोन गोल अनिकेतचे. हंगामाच्या शेवटी अ‍ॅरोज तळाला राहिले. हरकत नव्हती, त्यांना खाली घसरण्याची अट नव्हतीच. अनिकेत पुढे जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा अशा सुपर लीगच्या क्लबांमध्ये खेळला. २०२२ मध्ये महासंघाने अ‍ॅरोज बंद केला. मला तो निर्णय पटलेला नाही. क्लब आता स्वतःचे दुसरे संघ चालवतील, ही आशा मला भाबडी वाटते.

क्लबांवर विसंबलं की काय होतं ते पुण्याने पाहिलं आहे. पुणे एफसीची अकादमी चांगली होती. २०१५ मध्ये तो क्लब संपला आणि अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. डीएसके शिवाजियन्सने लिव्हरपूलच्या नावाने अकादमी काढली. २०१७ मध्ये क्लब मिटला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही गेला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सीमाभाग इथून पुण्याला गेलेल्या पोरांच्या पायाखालची शिडी चार वर्षांत तीनदा काढली गेली. राखीव संघाचं आयुष्य मुख्य संघाच्या मालकाच्या मर्जीएवढंच असतं.

कोल्हापूरच्या तालमींचं बळ नेमकं इथे आहे. पाटाकडील किंवा शिवाजी तरुण मंडळ कुणी उद्योगपती कंटाळला म्हणून बंद पडत नाही. त्यांच्यामागे पेठ आहे, गणपती आहे, वर्गणी आहे. राजाराम महाराजांच्या काळापासून राजघराण्याचा आश्रय आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग आणि तिच्यानंतर येणाऱ्या चंद्रकांत चषक, सतेज चषक यांसारख्या स्पर्धा असा पावसाळ्याआधीपर्यंतचा भरगच्च हंगाम आहे. देशात फार थोड्या शहरांत एका मैदानावर इतके स्पर्धात्मक सामने होतात. दुसरा संघ चालवायला याहून बरी जमीन कुठली? आणि काही तालमींनी तो चालवलाही. वरिष्ठ गटातही एकाच तालमीचे दोन संघ उतरलेले कोल्हापूरने पाहिले आहेत. स्पेनवाल्यांना हे ऐकून घाम फुटेल, कारण ‘अ’ला गुणांची गरज असताना ‘ब’ कसा खेळेल, हा संशय कायम राहतो.

पण तालमीची ताकद हीच तिची अडचणही आहे. समर्थकांना आज जिंकायचं असतं. शेजारच्या पेठेशी सामना असेल तर कालही जिंकायला हवं होतं. म्हणून मुख्य संघात बाहेरगावचे, परराज्यातले आणि परदेशी, विशेषतः नायजेरियन खेळाडू आणले गेले. त्यांनी कोल्हापूरचा खेळ वेगवान केला, स्टेडियम भरलं, इथल्या बचावपटूंना ताकदीशी झुंजायला शिकवलं. मी त्यांच्या विरोधात नाही. मात्र ते बहुतेक वेळा आघाडीवर किंवा बचावाच्या मध्यावर, म्हणजे संघाच्या कण्यात खेळतात. स्थानिक पोराला मग विंगवर सरकावं लागतं किंवा ‘ब’मध्ये जावं लागतं. कोलकात्यात २०२३ पासून लीगच्या सर्वोच्च गटात परदेशी खेळाडूंना बंदी घातली गेली आणि बंगालच्या खेळाडूंची किमान संख्या सक्तीची झाली. इतकं टोक गाठायची गरज नाही. ‘ब’मध्ये गेलेल्या पोराला वर यायचा रस्ता दिसत राहिला, वर्षाकाठी दोघं जरी चढले, तरी बाहेरचा खेळाडू आणि घरचा पोरगा दोघंही नांदू शकतात. रस्ता दिसला नाही की तो पोरगा दुसऱ्या तालमीत जातो, नाहीतर फुटबॉल सोडतो. बाद पद्धतीच्या चषक स्पर्धांनी ‘ब’ संघाचं फारसं भलं होत नाही, हेही इथेच सांगायला हवं. पहिल्या फेरीत हरलं की स्पर्धा संपते, आणि ‘ब’ संघ बहुधा पहिल्याच फेरीत हरतो. त्याला साखळी लागते.

गडहिंग्लजला वेगळी तऱ्हा आहे. तिथे गडहिंग्लज युनायटेड दिवाळीच्या सुमाराला एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर देशभरातले संघ बोलावते आणि गाव मैदानाभोवती गोळा होतं. छोट्या गावाला मोठा फुटबॉल जवळून बघायला मिळतो, पोरांच्या डोळ्यांना सवय लागते. पण बघणं आणि खेळणं यात अंतर राहतंच.

सीमेपलीकडे बेळगावात शाळा भक्कम आहेत. कॅम्पातल्या सेंट पॉल्सची स्थापना १८५६ ची, आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांची फादर एडी स्मृती आंतरशालेय स्पर्धा म्हणजे शहरातल्या फुटबॉलचं जुनं वैभव. टिळकवाडीच्या लेले मैदानावर आजही सकाळी पोरं धावताना दिसतात. जिल्हा संघटना आहे, क्लब आहेत. अडचण सुरू होते ती शाळा सुटल्यावर, आणि ती बरीचशी नकाशाने घातलेली आहे. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तेवढा कोल्हापूर जिल्ह्यात आला. राजकारणातला तो वाद इथे उगाळायला नको. पण फुटबॉलची नोंदणीही त्याच रेषेने चालते. निपाणीच्या पोराला कोल्हापूर एसटीने तासाभरावर, पण त्याची राज्य संघटना पाचशेहून अधिक किलोमीटरवर बेंगळुरात. त्याला कोल्हापुरात खेळायचं तर महासंघाच्या संगणकीय नोंदणीतून आंतरराज्य बदली करावी लागते. संतोष करंडकासाठी त्याचा दरवाजा कर्नाटकाचा. तो दरवाजा काही वाईट नाही. मार्च २०२३ मध्ये रियाधमध्ये मेघालयला ३-२ ने हरवून कर्नाटकाने ५४ वर्षांनी संतोष करंडक जिंकला. मात्र राज्याचा फुटबॉल बेंगळुरूच्या लीगभोवती फिरतो. बेंगळुरू एफसीचा दुसरा संघ तिथल्या सुपर डिव्हिजनमध्ये खेळला, त्यांची निवासी अकादमी बळ्ळारीच्या बाजूला. बेळगाव-निपाणीचा मुलगा तिथे पोचायचा तर चौदाव्या वर्षी घर सोडलेलं असावं लागतं. अठराव्या वर्षी उमलणाऱ्या पोरासाठी, आणि बचावपटू व गोलकीपर तर बहुधा उशिराच उमलतात, ती गाडी आधीच सुटलेली असते.

म्हणून जिल्हा पातळीवरच दुसऱ्या संघांची साखळी उभी करणं हा मला सगळ्यात स्वस्त उपाय वाटतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर एका दिवशी लागोपाठ दोन सामने होतात. बेळगावात आणि निपाणीत मुख्य सामन्याआधी त्याच दोन क्लबांचे दुसरे संघ खेळवले तर मैदान तेच, चुन्याच्या रेषा त्याच, रेफरी तेच, प्रवासाची गाडीही तीच. वाढीव खर्च म्हणजे पंधरा-सोळा जर्सी, रेफरींचं जादा मानधन आणि पाण्याच्या बाटल्या. नियम जर्मनीकडून उचलता येईल: अकरा जणांत तेविसाहून मोठे फक्त तीन. ते तीन असावेतच. कारण पोरांना समोर आणि शेजारी, दोन्हीकडे जाणती माणसं लागतात. नुसती पोरं एकत्र आली की पुन्हा शाळेची स्पर्धा होते. मोठ्या संघातून आठवड्यापुरते खेळाडू खाली उतरवायचे नाहीत, उतरवलाच तर तो दुखापतीतून परतणारा असला पाहिजे. आणि प्रत्येक सामन्यात दुसरा गोलकीपरच उभा राहील, पहिला नाही. अवघड प्रश्न एकच उरतो, तो मैदानाचा. डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत त्याच मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा असतात. त्यांच्या मांडवांना, बक्षिसांना आणि प्रायोजकांना बाजूला सारून दुपारी दोनचा ‘ब’ संघाचा सामना लावायचा तर संघटनेच्या बैठकीत कुणाला तरी बराच वेळ भांडावं लागेल.